काचेच्या कपाटातला डावा बूट

मी एक जुना सेफ्टी बूट आहे. डाव्या पायाचा. पायातली वहाण पायातच बरी, असं लोक म्हणतात; आणि मी मात्र बसलोय काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर, डोक्यावर दिवा लावून. चाकणच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचा हॉल आहे. दारातून आत आलं की समोरच मी. मित्रांनो, तुम्ही मला ओळखता. सुरक्षा सप्ताहात तुमची शाळा कारखाना बघायला आली होती, तेव्हा काचेला नाकं लावून मला बघत होतात ते तुम्हीच. त्या दिवशी तुम्हाला माझी गोष्ट सांगितली गेली, पण अर्धीच. उरलेली अर्धी आज मी सांगतो.

माझा जन्म कानपूरचा. म्हशीचं जाड कातडं, खाली दणकट तळवा, आणि बोटांवर कातड्याच्या आत दडवलेली पोलादाची वाटी. ही वाटी म्हणजे आमचं सगळं मोठेपण. मी आणि उजवा, एका खोक्यात उलटसुलट झोपून आम्ही चाकणला आलो. दिसायला ओबडधोबड. लग्नाकार्याला जाणाऱ्या चकचकीत बुटांनी आमच्याकडे बघून नाक मुरडावं, असेच आम्ही. मुरडू दे मेले! अंगावर लोखंड पडलं की कळतं कोण कामाचं ते.

स्टोअरमधून आम्हाला नेलं सुजितने. सुजित दिघीचा, जुन्या गावठाणातला. बाप लहानपणीच गेलेला, घरात तो आणि त्याची आई गोजाबाई. पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवतात त्या प्रेस शॉपमध्ये तो कामाला होता, पण टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवा करार, असं चाललेलं. 'पर्मनंट' हा शब्द त्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. पर्मनंट झाला की सुजितचं लग्न. पर्मनंट झाला की गोजाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. शिफ्ट संपवून आलो की मी उंबऱ्याबाहेर बसायचो आणि मायलेकरांचं हे बोलणं ऐकायचो.

कामाची ती वर्षं फार सुखाची होती. तेल, गरम पत्र्याचे तुकडे, घाम, सगळं मी सोसलं. आणि एके दिवशी ती गोष्ट घडली. साखळीला टांगलेला एक जड डाय, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, निसटला आणि सरळ माझ्यावर आला. धाडकन आवाज झाला. सगळा शॉप धावला. सुजितने डोळे मिटून घेतले होते. डाय बाजूला केला, तर माझ्या नाकावर एक पोचा, आणि आत पाचही बोटं शाबूत! सुजित वेड्यासारखा हसत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरने मला हातात धरून सगळ्यांना दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुटासाठी टाळ्या वाजलेल्या तुम्ही कधी ऐकल्यात का?

गोजाबाईला हे कळलं तेव्हा तिने मला उंबऱ्यावरून उचलून घरात घेतलं. म्हणाली, "माझ्या लेकराचा पाय राखला ह्यानं. ह्यो बूट न्हाई, राखणदार हाय." त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, तशी दिघीच्या घरात पाटावर पान्हे, हातोडी, विळा मांडले गेले, आणि त्या रांगेत आम्ही दोघे. तिने आम्हाला हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग माझ्या सगळ्यात वरच्या छिद्रातून काळा दोरा ओवला आणि त्याची गाठ मारली. नजर लागू नये म्हणून. तो दोरा आजही माझ्या अंगावर आहे. तुमच्यापैकी एकीने बोट दाखवून विचारलंही होतं, "हा दोरा कसला?" त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

आमचा कारखाना दर वर्षी आपल्या माणसांची एक तुकडी उत्तरेत पाठवायचा. सेवा म्हणून, बिनपगारी नव्हे, पण स्वेच्छेने. हिमाचलात, स्पितीच्या बाजूला, उंच डोंगरातल्या एका गावात मुलांचं वसतिगृह होतं. थंडीत तिथले पाण्याचे नळ गोठायचे, खिडक्यांतून वारा आत यायचा. बर्फ पडायच्या आत नळांना आच्छादन घालायचं, खिडक्यांच्या चौकटी वेल्डिंग करून बसवायच्या, असं काम. तुकडीचे प्रमुख होते स्वानंद साहेब. पिंपळे गुरवचे, इंजिनिअर, गोड बोलणारे, भटकंतीचे भयंकर शौकीन. त्यांनी सुजितच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा हात वेल्डिंगला चांगला आहे, चल तू. आणि परत आलास की तुझ्या पर्मनंटचा शब्द मी स्वतः वर टाकतो." सुजितचा पाय त्या दिवशी जमिनीवर ठरत नव्हता. मी त्याच पायात होतो, मला ठाऊक आहे.

निघायच्या आधी सुजित म्हणाला, "आये, तिकडं बर्फ असतंय. बाकीच्यांनी आत लोकरीचं अस्तर असलेले बूट घेतलेत. आपण बी बघू का?"

गोजाबाईने मला पुढे ओढलं. "घरात राखणदार असताना नवा कशापायी? ह्यानं लोखंड झेललंय. बर्फ काय चीज हाय ह्याच्यापुढं! ह्योच घाल."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! मित्रांनो, पोलाद वार झेलतं हे खरं. पण थंडी झेलत नाही, थंडी ते पिऊन घेतं आणि आतल्या बोटांना पाजतं. हे दिघीत कुणाला कसं कळावं? दिघीत थंडी पडली तर माणूस स्वेटर घालतो आणि दुपारी काढून ठेवतो.

निघायच्या दिवशी स्वानंद साहेब गाडी घेऊन सुजितला न्यायला आले. गोजाबाईने त्यांना पोहे खाऊ घातले. त्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले, आणखी मागून घेतले. निघताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "काळजी करू नका आई. माझ्याबरोबर आहे तो." मी तेव्हा सुजितच्या पायात उंबऱ्यावरच उभा होतो. शब्द न शब्द मी ऐकला.

तिकडचे सुरुवातीचे दिवस आठवले की अजून बरं वाटतं. सुजितने चौकटी बसवल्या. वसतिगृहातली मुलं त्याच्या भोवती सतत असायची. माझ्या आत पोलाद आहे हे त्यांना कळलं, मग काय विचारता! रोज संध्याकाळी रांग लावून ती माझ्यावर दगड टाकायची. "भैया, और एक! बडा वाला!" सुजित पाय पुढे करून उभा राहायचा आणि खोटं खोटं विव्हळायचा. सगळी खिदळायची.

रविवार सुट्टीचा. सुजितचं मन त्या दिवशी कपडे धुवावे, आईला फोन करावा आणि उन्हात पडून राहावं असं. पण स्वानंद साहेबांचा एक मंत्र होता, "एवढं लांब आलोच आहोत, तर बघून घेऊ." आपल्याकडची माणसं नाशिकला लग्नाला गेली तरी त्र्यंबक, वणी उरकूनच परततात, त्यातलीच ही गत. पहिल्या रविवारी आम्ही कड्यावरच्या एका मठात गेलो. पुढच्या रविवारी उंचावरच्या पोस्ट ऑफिसात. तिथल्या पेटीत सुजितने आईला कार्ड टाकलं. एका रविवारी दरीवरच्या पुलावर जाऊन सगळ्यांनी फोटो काढले. साहेब आनंदाने उड्या मारायचे. त्यांचा आनंद खरा होता, मी खोटं बोलणार नाही. सुजितलाही मजा वाटायची, पण परत आल्यावर तो बोटं चोळत बसायचा. थंडी वाटते म्हणून त्याने दोन-दोन मोजे घालायला सुरुवात केली. मी आधीच मापाचा, त्यात दोन मोजे. आत बोटांना हलायला जागा उरली नाही, पोच्यामुळे माझ्यात तर मुळीच नाही.

शेवटच्या रविवारी आभाळ राखाडी होतं. साहेबांच्या भटकंतीला बाकीच्यांनी पांघरुणातूनच 'नको' म्हणून हात जोडले. आदल्या दिवशी नळाच्या कामात मी पाण्यात भिजलो होतो, म्हणून सुजितने आम्हाला शेगडीजवळ वाळत ठेवलं होतं. कपडे बादलीत होते. तेवढ्यात साहेब दारात आले.

"सुजित, वरचं तळं राहिलंय रे. चल. तू तरी चल."

सुजित घुटमळला. "सर, बूट ओले आहेत."

"अरे, चालता चालता वाळतील."

एवढंच झालं, मित्रांनो. कुणी जबरदस्ती केली नाही, दम दिला नाही. पण ज्या माणसाच्या एका शब्दावर तुमच्या घरातलं लग्न आणि आईचा गुडघा अडलाय, त्याने 'चल' म्हटल्यावर 'नको' म्हणायची ताकद कुणात असते? सुजितने बादली बाजूला सारली. पावसाळ्यात लोहगडावर जाताना तो करायचा तसंच त्याने केलं. मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, वर रबरबँड लावले आणि पाय माझ्यात घातला. सह्याद्रीच्या पावसात ती युक्ती नामी आहे. बाहेरचं पाणी आत येत नाही. पण त्या डोंगरात पायाचा घामही आतून बाहेर गेला नाही. चढावर मोजे घामाने चिंब झाले, आणि माथ्यावर पोचून आम्ही थांबलो तशी ती ओल गार पडायला लागली.

तळं सुंदर होतं. निळंशार, कडेला बर्फाची साय धरलेलं. साहेबांनी खूप फोटो काढले. सुजित एका जागी उभा राहून पाय आपटत होता. मग बर्फ पडायला लागलं. खालच्या वळणावर जीप येऊन थांबणार होती, ती आलीच नाही. रस्ता बंद झाला होता. मग चालत निघालो. साहेब दमले, तर त्यांची सॅकही सुजितच्या पाठीवर आली. माझ्या पोलादाच्या वाटीत गारवा असा भरला होता, जसं विहिरीत पाणी भरतं. बोटं आधी ठणकली, मग जळजळली. सुजित दात आवळून चालत होता. आणि मग एका वळणावर तो हसून म्हणाला, "सर, आता दुखायचं थांबलं बघा."

तो खूश झाला होता हो! मला मात्र त्याच्या बोटांची ऊब लागेनाशी झाली होती. इतकी वर्षं ती ऊब मी ओळखत होतो. ओरडावंसं वाटलं, पण बुटाला आवाज कुठला?

वसतिगृहात पोचलो, शेगडीपाशी मला काढलं. डाव्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. मुलं दारात गोळा झाली होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढे लष्कराच्या दवाखान्यात नेलं, मग खाली, मग पिंपरीला. बोटं काळी पडत गेली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कापावी लागली. अंगठा नसला की माणसाला पायावर जोर देता येत नाही, मित्रांनो. प्रेस शॉपमध्ये तर सगळं काम उभ्यानेच असतं.

मग चौकशी झाली. एका गार खोलीत, लांब टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मला ठेवलं. सुजित इस्पितळातच होता. मनुष्यबळ खात्याच्या अरुंधती मॅडम प्रश्न विचारत होत्या. समोर स्वानंद साहेब. त्यांचं प्रमोशन तेव्हा वाटेवर होतं.

"रविवारी त्याला कामानिमित्त कुठे पाठवलं होतं का?"

"नाही. सुट्टी होती."

"मग तो वर कसा गेला?"

साहेब पाणी प्यायले. "आला होता तो. माझ्याबरोबर आला होता."

"स्वतःहून?"

"हो... आला होता."

झालं. एवढ्या तीन शब्दांत सुजितचं सगळं आयुष्य आवरलं गेलं. सेवेच्या कामावर असता तर कंपनीने जबाबदारी घेतली असती. पण ही ठरली त्याची खासगी सहल, वर चुकीचे बूट घालून केलेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. करार संपला, तो पुन्हा झाला नाही. आणि मला घासूनपुसून या काचेच्या कपाटात बसवलं. खाली पाटी लावली: 'चुकीच्या वापराचा परिणाम'. दर आठवड्याला नवी मुलं प्रशिक्षणाला येतात आणि ही पाटी वाचून चुकचुकतात. उजवा कुठे आहे, मला ठाऊक नव्हतं.

ते मला पुढे गोजाबाईकडून कळलं. हो, गोजाबाई या हॉलमध्ये आली. सुजित घरी बसल्यावर चूल कशी पेटणार? गुडघा तसाच दुखरा घेऊन ती साफसफाईच्या ठेकेदाराकडे लागली, आणि ठेकेदाराने तिला पाठवलं ते नेमकं इथेच. निळा कोट घालून, हातात फडकं घेऊन ती पहिल्या दिवशी आत आली. काच पुसता पुसता तिचा हात थांबला. तिने काळा दोरा पाहिला. मग पदराने काच पुन्हा एकदा पुसली.

त्यानंतर रोज सकाळी ती माझ्याशी हळू आवाजात बोलायची. "उजवा घरी हाय रं. पायरीवर ठिवलाय. सुजित त्याच्याकडं बघत बी न्हाई." कधी सांगायची, "मंगल कार्यालयाच्या पार्किंगला बसतो आता. बसून पावत्या फाडायचं काम." एकदा म्हणाली, "ठरलेलं लगीन मोडलं. पोरीकडच्यांनी निरोप धाडला." आणि एकदा फडकं तोंडाला लावून म्हणाली, "मीच म्हनले व्हते ह्योच घाल." त्या दिवशी काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मित्रांनो. मी आत होतो आणि ती बाहेर, मध्ये काच.

मग तुम्ही आलात. रांगेत, पाण्याच्या बाटल्या गळ्यात घालून. माहिती द्यायला आले स्वानंद साहेब; आता ते सुरक्षा विभागाचेही प्रमुख आहेत. त्यांनी तुम्हाला छान समजावलं. पोलाद थंडीत कसं गार पडतं, ओले मोजे किती वाईट, प्लॅस्टिक का नको. सगळं खरं सांगितलं. बोलताना ते तुमच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. तुमच्यातली ती दोन वेण्यांवाली, पूर्वी नावाची, तिने विचारलं, "सर, त्या काकांना खूप दुखलं का?"

साहेब म्हणाले, "आधी दुखतं बाळा. मग... थांबतं."

गोजाबाई मागे भिंतीशी उभी होती, मुलांनी सांडलेलं पाणी पुसायला. ती पुढे आली. आवाज चढवला नाही तिने, अजिबात नाही.

"साहेब, ह्योच बूट घाल असं मी म्हनले व्हते. ती माझी चूक, ती मी सांगती पोरांना. आता 'चल' कोन म्हनलं व्हतं, तेवढं तुमी सांगा."

साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा." आणि मग त्यांनी निळ्या कोटावरचा तो चेहरा नीट पाहिला. ज्या बाईला त्यांनी उंबऱ्यावर वाकून नमस्कार केला होता, आई म्हटलं होतं, ती त्यांना तेव्हा ओळखू आली. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. खरंच वाटलं. पण तुमच्या बाई घाईने म्हणाल्या, "चला मुलांनो, नाश्ता तयार आहे," आणि साहेब तेवढ्यात खिशातला फोन काढून बघायला लागले. फोन वाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काच पुसायला वेगळीच बाई आली. गोजाबाईला ठेकेदाराने घरी बसवलं, असं ती सोबतिणीला सांगत होती. नवी बाई वरवर फडकं फिरवते. काळ्या दोऱ्यावर आता धूळ बसली आहे.

जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी विनवतात, आम्हाला जपा, फेकू नका. मला तसलं काही मागायचं नाही. मला तर इथे फार जपून ठेवलंय. माझं मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी इंजिनिअर होईल, कुणी साहेब. तुमच्या शब्दावर कुणाचं तरी घर अडलेलं असेल. त्याला 'चल' म्हणाल, तेव्हा आधी खाली वाकून त्याच्या पायात काय आहे ते बघा. बूट ओले आहेत असं तो म्हणाला, तर थांबा. आणि परतल्यावर कुणी विचारलंच, तर 'तो आला होता' म्हणू नका. 'मी नेलं होतं' म्हणा.